कोऱ्या कागदावरचा शिक्का

बेंबळीच्या उत्तरेला तेर आणि दक्षिणेला नळदुर्ग. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरचे नाव येते. इथले कापड भडोचच्या बंदरात जाई आणि तिथून रोमन जगात. नळदुर्ग आणि पश्चिमेकडचा परंडा हे किल्ले त्यानंतर कितीतरी शतकांनी, बहमनी सुलतानांच्या अमलात नावारूपाला आले. परंड्याच्या भुईकोटाशी परंपरेने ज्याचे नाव जोडले जाते, तो बहमनी वजीर महमूद गवान. शाळेच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला दोन-तीन ओळी येतात: बिदरचा मदरसा बांधला, कारभारात सुधारणा केल्या, सुलतानाने त्याला ठार केले. रोमच्या पडत्या काळातला एखादा सेनापती शोभावा असा हा माणूस. त्याच्या मृत्यूनंतर आपल्या मुलखाची पुढची दीडशे वर्षे कशी जाणार हे ठरून गेले, म्हणून त्याची कहाणी धाराशिव जिल्ह्यात तरी नीट सांगितली गेली पाहिजे.

गवान मूळचा इराणातल्या गिलान प्रांताचा. जन्म १४११चा. घराणे वजिरांचे, पण दरबारी हेव्यादाव्यांनी घर आणि देश दोन्ही सोडावे लागले. मग व्यापार धरला. १४५३च्या सुमारास घोडे आणि मौल्यवान माल घेऊन तो दाभोळच्या बंदरात उतरला. बिदरच्या एका साधुपुरुषाचे दर्शन घ्यावे आणि पुढे दिल्लीला जावे, असा बेत होता. चाळिशी ओलांडलेला, बहुश्रुत, फारसी लेखनात तयार आणि हिशेबात चोख असा हा माणूस सुलतान अलाउद्दीन दुसरा याच्या नजरेत भरला. सुलतानाने त्याला ठेवून घेतले, मनसब दिली, आणि लगेचच तेलंगणातले बंड मोडायला पाठवले. गवानने ते मोडले. दिल्ली राहूनच गेली.

ज्या दरबारात तो शिरला, तो उभा चिरलेला होता. एका बाजूला दख्खनी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथे रुजलेले मुसलमान सरदार. त्यांत इथलेच धर्मांतरित होते, हबशीही होते. दुसऱ्या बाजूला आफाकी: इराण, तुराण, इराकातून नव्याने आलेले. आफाक्यांना सुलतान वर चढवत, कारण त्यांचे इथे गणगोत नव्हते. त्यांचा सारा आधार सिंहासन. दख्खन्यांना ते सलत असे. गवान येण्याच्या काही वर्षे आधी कोकणच्या रानात शिर्क्यांनी बहमनी फौज कापून काढली होती. त्यातून वाचलेले आफाकी चाकणला पोहोचले, तेव्हा दख्खनी सरदारांनी सुलतानाला खोटे लिहून त्यांना फितूर ठरवले, आणि अभयाचे वचन देऊन त्यांची कत्तल केली. खोट्या कागदावर माणसे मारण्याची रीत या दरबाराला गवानच्या आधीपासून ठाऊक होती. हे लक्षात ठेवायला हवे.

अलाउद्दीननंतर हुमायून आला. त्याच्या क्रौर्याने लोकांनी त्याचे नाव ‘जालिम’ पाडले. त्याने गवानला ‘मलिक-उत्-तुज्जार’ हा किताब दिला आणि विजापूरचा सुभा सोपवला. १४६१ मध्ये हुमायून मेला, तेव्हा गादीवर आठ वर्षांचे पोर बसले. कारभार तिघांच्या हाती आला: राणीमाता मखदूमा-ए-जहान, ख्वाजा जहान तुर्क आणि महमूद गवान. राज्याच्या इतिहासातला हा नाजूक क्षण. माळव्याच्या महमूद खिलजीने संधी साधली आणि तो थेट बिदरवर चालून आला. राणीमातेने बालसुलतानाला घेऊन राजधानी सोडली. गवानने गुजरातच्या महमूद बेगड्याकडे मदत मागितली, तिकडून आलेले घोडदळ घेतले आणि खिलजीशी मैदानात गाठ घालण्याऐवजी त्याची रसद तोडली. वैरण नाही, धान्य नाही, परतीची वाट अडलेली. खिलजी गोंडवनाच्या रानातून हाल सोसत माघारी गेला. परक्या देशातून आलेल्या एका व्यापाऱ्याने बहमनी राज्य वाचवले.

बालसुलतान लवकरच वारला आणि त्याचा धाकटा भाऊ मुहम्मद तिसरा १४६३ मध्ये गादीवर आला. ख्वाजा जहान तुर्क डोईजड झाल्यावर राणीमातेच्या इशाऱ्याने भर दरबारात त्याला मारण्यात आले. १४६६ मध्ये सारी वजिरी गवानकडे आली. पुढली पंधरा वर्षे राज्याचा हा खरा कर्ता. पण ज्या जागेवर तो बसला, ती आदल्या माणसाच्या रक्ताने रिकामी झाली होती, आणि ती रिकामी करणारी सुलतानाची आई होती. तिचा गवानवर अखेरपर्यंत विश्वास राहिला. तिने त्याला भाऊ मानले.

वजिराची मोठी मोहीम कोकणातली. १४६९ पासून तीन वर्षे तो सह्याद्रीत होता. जुन्या पराभवातून तो शिकला होता. घाईने दरीत उतरायचे नाही. रान तोडायचे, जाळायचे, वाटा रुंद करायच्या. पावसाळ्यात फौज मागे नेली नाही, कोल्हापूरजवळ झोपड्या उभारून तिथेच तळ दिला. रांगणा हाती आला, पुढे खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड. तलवारीइतकाच पैसा आणि बोलणी यांचाही त्याने वापर केला. १४७२च्या आरंभी गोवा विजयनगरच्या हातून बहमनींकडे आले. घोड्यांचा सागरी व्यापार ज्याच्या हाती, दख्खनचे घोडदळ त्याच्या हाती. गोव्याची किंमत त्या जुन्या व्यापाऱ्याला कुणी सांगायला नको होती.

तो बिदरला परतला तेव्हा सुलतान त्याच्या घरी जाऊन राहिला, मानाची वस्त्रे दिली, मोठमोठे किताब दिले. यानंतरची एक हकिगत फेरिश्ता या इतिहासकाराने नोंदवली आहे. सुलतान निघून गेल्यावर गवान आपल्या खोलीत शिरला, दार लावून घेतले, उंची वस्त्रे उतरवली आणि जमिनीवर पडून रडला. मग फकिराची साधी वस्त्रे अंगावर घालून बाहेर आला, आणि बिदरमधल्या विद्वानांना, सय्यदांना, गरजूंना बोलावून रोकड, जवाहीर, सामान वाटून टाकले. ग्रंथ, हत्ती आणि घोडे एवढेच ठेवले. कारण विचारल्यावर त्याने सांगितले की ग्रंथ विद्यार्थ्यांचे आहेत, हत्ती-घोडे सुलतानाचे आहेत, आपल्याकडे ते केवळ सांभाळायला आहेत. एवढा मान मिळाल्यावर या माणसाला कसली भीती वाटली असेल? वर चढलेल्या आफाक्याचे पुढे काय होते, हे त्याने या दरबारात वीस वर्षे पाहिले होते. मला वाटते, त्या बंद खोलीत त्याला आपला शेवट दिसत होता.

त्याच वर्षी बिदरमध्ये त्याचा मदरसा उभा राहिला. तीन मजले, दर्शनी बाजूला मनोरे, भिंतींवर इराणी पद्धतीच्या निळ्या-हिरव्या-पिवळ्या चकाकत्या फरशा. आत व्याख्यानांच्या खोल्या, मशीद, विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या जागा आणि तीन हजार ग्रंथांचा संग्रह. इराणी कवी जामीपर्यंत त्याचा पत्रव्यवहार होता. त्याच्या पत्रांचा ‘रियाज-उल-इन्शा’ हा संग्रह आजही त्या काळाचे अस्सल साधन मानला जातो. पुढे औरंगजेबाच्या काळात या इमारतीत दारूगोळा साठवला गेला. १६९६ मध्ये वीज पडून स्फोट झाला आणि दर्शनी भागाचा मोठा हिस्सा ढासळला. उरलेला एक मनोरा आणि त्यावरच्या फरशा पाहायला धाराशिवहून एका दिवसात जाऊन येता येते.

हे वैभव कुणाच्या जिवावर होते, तेही सांगितले पाहिजे. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी याच सुमारास बिदरमध्ये होता. सरदारांचा थाटमाट आणि खेड्यापाड्यातल्या लोकांची दैना, दोन्ही त्याने लिहून ठेवले आहे. त्यानंतर दोनच वर्षांत दख्खनमध्ये पाऊस लागोपाठ दोन वर्षे बुडाला. दुष्काळात माणसे मेली, उरलेली माळव्याकडे आणि गुजरातकडे गेली, शिवारे ओस पडली. आपल्या काळ्या रानाला अशी वर्षे नवी नाहीत.

याच दरम्यान बेळगावच्या मोहिमेत राणीमाता छावणीतच वारली. बेळगाव जिंकले, दारूचे सुरुंग लावून तटाला खिंडार पाडण्याचे काम गवानने तिथे केले, किल्ला त्याच्याच जहागिरीत आला. पण दरबारातले त्याचे कवच गेले. सुलतान आता विशीकडे झुकत होता आणि दारूच्या आहारी जात होता. इथून पुढे गवानने जी कामे केली, ती त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी आणि त्याच्यासाठी सर्वांत घातक.

बहमनी राज्याचे चार मोठे सुभे होते. त्यांना तरफ म्हणत. दौलताबाद, वऱ्हाड, गुलबर्गा आणि तेलंगण. राज्य समुद्रापासून समुद्रापर्यंत पसरले तशा या तरफाही फुगल्या, आणि एकेक तरफदार छोटा सुलतान होऊन बसला. गवानने चाराच्या आठ केल्या. वऱ्हाडचे गाविलगड आणि माहूर, दौलताबादेतून जुन्नर वेगळे, गुलबर्ग्यातून विजापूर वेगळे, तेलंगणाचे वरंगळ आणि राजमहेंद्री. गुलबर्ग्याच्या उरलेल्या तरफेत सोलापूर-नळदुर्गपर्यंतचा पट्टा होता आणि ती दस्तूर दिनार या हबशी सरदाराकडे गेली. बेंबळीसारखी गावे याच पट्ट्याच्या कडेची.

पुढचा घाव किल्ल्यांवर पडला. आजवर तरफेतले सगळे किल्ले तरफदाराचे. गवानने एकच किल्ला त्याच्याकडे ठेवला. बाकीचे किल्लेदार बिदरहून नेमले जाणार, पगार बिदरहून घेणार आणि जाब बिदरला देणार. प्रत्येक तरफेतली काही जमीन काढून खालसा केली. फौजेचा हिशेब बांधला: पाचशे स्वारांच्या सरदाराला वर्षाला सव्वा लाख होन, आणि जितके स्वार हजेरीत कमी भरतील तितकी रक्कम कापायची. गावांच्या हद्दी ठरवून जमिनीची मोजणी सुरू केली. ज्या सरदारांनी कागदावर हजार आणि तबेल्यात सहाशे घोडी ठेवून पिढ्या काढल्या, त्यांना हा माणूस किती नकोसा झाला असेल! आणि तो आपल्या गटाची तळी उचलत होता म्हणावे, तर तसेही नाही. आठ तरफा वाटताना त्याने दख्खनी आणि आफाकी यांचा तोल राखला. पण तोल राखणाऱ्यावर दोन्ही पारडी नाराज असतात.

सर्वांत दुखावला तो मलिक हसन निजाम-उल-मुल्क बहरी. हा पाथरीकडच्या ब्राह्मण घराण्यातला. लहानपणी लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, राजवाड्यात वाढला आणि कर्तबगारीने तेलंगणाचा तरफदार झाला. म्हणजे तोही शून्यातून वर आलेला. गवानने तेलंगण दुभागले आणि त्याच्याकडे राजमहेंद्री ठेवली. त्याचा तडफदार मुलगा मलिक अहमद याची नेमणूक बापापासून दूर, माहूरच्या तरफदाराच्या हाताखाली झाली. कारभाराच्या दृष्टीने हे योग्यच होते. बापाच्या दृष्टीने हा उघड अविश्वास होता, आणि तो त्याने विसरला नाही.

१४८१च्या सुरुवातीला सुलतान मुहम्मद आंध्रात, कोंडापल्लीच्या परिसरात होता. निवडक स्वार घेऊन त्याने थेट कांचीपर्यंत धाड घातली. बहमनी फौज इतक्या दक्षिणेला कधी गेली नव्हती. गवानचा खास माणूस युसूफ आदिल खान दुसऱ्या कामगिरीवर दूर होता. हीच वेळ विरोधकांनी साधली.

गवानची मोहोर एका हबशी गुलामाकडे असे. दोन दख्खनी सरदारांनी त्याच्याशी दोस्ती केली, भेटवस्तू दिल्या, मैफली जमवल्या. एका रात्री तो दारूत पुरता बुडालेला असताना त्यांनी घडी घातलेला कागद पुढे केला: आमच्या एका मित्राचा हिशेबाचा कागद आहे, बाकी सगळ्या कचेऱ्यांचे शिक्के झाले, एवढा तुमच्या धन्याचा राहिला. त्याने कागद उघडूनही पाहिला नाही आणि शिक्का उमटवला. कागद कोरा होता. मग त्यावर मजकूर चढला: ओरिसाच्या राजाला गवानचे पत्र. सुलतान व्यसनी आहे, प्रजा त्रासली आहे, तुम्ही चालून या, मी इकडून उठतो, राज्य दोघे वाटून घेऊ. मलिक हसन सुलतानाजवळ बसलेला असतानाच हे पत्र नेमके ‘सापडले’. सुलतान नशेत होता. त्याने शिक्का ओळखला आणि पत्र नेणारा जासूद कोण, कुठे आहे, एवढेही विचारले नाही. गवानला ताबडतोब बोलावणे गेले.

गवानच्या हितचिंतकांना कुणकुण लागली होती. आज जाऊ नका, तब्येतीचे कारण सांगा, असा निरोप आला. काही सरदारांनी आपले स्वार तयार असल्याचे कळवले. गुजरातची वाट मोकळी होती. गवानने नकार दिला. हुमायूनच्या सेवेत पिकलेली दाढी त्याच्या मुलाच्या हातून रक्ताने रंगली तर तो मानच, अशा आशयाचे उत्तर त्याने दिल्याचे फेरिश्ता सांगतो.

इथे मला रोमचा स्टिलिको आठवतो. बाप व्हँडल, म्हणजे रोमनांच्या लेखी रानटी. तरी पश्चिम रोमन साम्राज्याचा तो सेनापती झाला, दहा वर्षांच्या होनोरियस बादशहाचा पालक झाला आणि गॉथांचा राजा अलारिक याला त्याने वर्षानुवर्षे रोखून धरले. बादशहा मोठा झाला, दरबारात ऑलिंपियस नावाच्या अधिकाऱ्याने त्याचे कान भरले: स्टिलिको शत्रूला सामील आहे, त्याला आपल्या मुलाला गादीवर बसवायचे आहे. ऑगस्ट ४०८ मध्ये रॅव्हेनात स्टिलिकोला पकडायला माणसे आली, तेव्हा त्याचे सैनिक लढायला उभे होते. त्यानेच त्यांना आवरले आणि मान पुढे केली. त्यानंतर रोमन लोकांनी त्याच्या गॉथ शिपायांची बायकापोरे कापली, ते हजारोंनी अलारिकला जाऊन मिळाले, आणि दोन वर्षांत, ४१० मध्ये, रोम शहर लुटले गेले. परका म्हणून संशय, पोरवयात गादीवर आलेला धनी, शत्रूशी संगनमताचा आरोप, आणि हाताशी फौज असूनही ती न उचलणारा सेनापती: एक हजाराहून अधिक वर्षांच्या अंतराने तीच मांडणी.

५ एप्रिल १४८१. गवान सुलतानापुढे आला. सुलतानाने विचारले, धन्याशी बेइमानी करणाऱ्या आणि ती सिद्ध झालेल्या चाकराला काय शिक्षा? गवान म्हणाला, तलवार. मग पत्र त्याच्यापुढे टाकण्यात आले. त्याने पाहिले आणि सांगितले: शिक्का माझा आहे, पत्र माझे नाही. सुलतान उठून आत निघाला आणि जाता जाता त्याने जौहर या हबशी गुलामाला खूण केली. गवानने सुलतानाला एवढेच बजावले की माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या मरणाने माझे काही जात नाही, जाईल ते तुझे राज्य आणि तुझे नाव. मग तो गुडघ्यांवर बसला. वय सत्तर.

त्याच्या गोटाची लूट करायला शिपायांना मोकळीक देण्यात आली. सुलतानाला वाटले होते, एवढ्या मोठ्या वजिराच्या खजिन्यात अपार धन निघेल. खजिनदाराने दोन वेगवेगळे हिशेब पुढे ठेवले: एक फौज, हत्ती, घोडे यांच्या खर्चाचा सरकारी खजिना, दुसरा गोरगरिबांसाठीचा. दोन्हींत थोडीच रक्कम होती. व्यापारासाठी देशाहून आणलेले भांडवल गवानने शेवटपर्यंत वेगळे ठेवले होते, आणि स्वतःचे खाणेपिणे त्याच्या नफ्यातून चालवले होते; तो चटईवर झोपे आणि मातीच्या भांड्यात जेवे. मग सुलतानाला सुचले की पत्र नेणाऱ्या जासूदाला समोर आणा. असा जासूद नव्हताच. वजिराचे शव मानाने बिदरला पाठवण्यात आले. शहराबाहेर गोरनळीला त्याची कबर आहे.

गवानची चूक कुठे झाली? तरफदारावर त्याने बंधने घातली, किल्लेदारावर घातली, स्वारांच्या हजेरीवर घातली. पण या साऱ्या यंत्रणेच्या टोकाला एक मोहोर आणि एक मद्यपी तरुण होता, आणि त्या दोहोंवर कसलेही बंधन नव्हते. वजिरावरचा आरोप तपासायला ना चौकशी, ना साक्ष, ना एका रात्रीची मुदत. आणि त्याने बांधलेली घडी टिकवण्यात त्याच्याखेरीज कुणाचाही लाभ नव्हता.

परिणाम दुसऱ्याच दिवसापासून दिसू लागले. गवानच्या माणसांनी आपले गोट सुलतानापासून लांब नेले. युसूफ आदिल खान परत आला, पण सुलतानाजवळ गेला नाही. विजापूरची तरफ मागून घेऊन चालता झाला. वऱ्हाडचे सरदारही लांबूनच मुजरा करू लागले. वर्षही उलटले नाही तोच, मार्च १४८२ मध्ये, सुलतान मुहम्मद दारूने खंगून मेला. अखेरच्या तापात, महमूद गवान मला फाडतो आहे, असे तो ओरडत असे, हे फेरिश्ताने लिहिले आहे. मलिक हसन गादीवर आलेल्या नव्या बालसुलतानाचा कारभारी झाला आणि १४८६ मध्ये बिदरमध्येच मारला गेला. त्याच्या मुलाने, माहूरला धाडलेल्या त्या मलिक अहमदाने, १४९० मध्ये निजामशाही उभी केली. युसूफने विजापूरला आदिलशाही, इतरांनी वऱ्हाडात इमादशाही, पुढे गोवळकोंड्याला कुतुबशाही, आणि खुद्द बिदरमध्ये नामधारी सुलतानाला मुठीत ठेवून बरीदशाही. गवानच्या तरफांच्या रेषांवरूनच राज्य फाटले.

आपला भाग या फाटलेल्या कडेवर आला. परंडा आणि सोलापूर आधी ख्वाजा जहान दख्खनी आणि त्याच्या भावाकडे, पुढे निजामशाही आणि आदिलशाही यांच्या झोंबीत. १५२४ मध्ये विजापूरच्या राजकन्येचे लग्न बुऱ्हाण निजामशहाशी सोलापूरला लागले. आंदणात सोलापूरचा किल्ला कबूल केला होता. तो दिला नाही म्हणून लगेच युद्ध पेटले. चाळीस वर्षांनी चांदबिबी विजापूरला सून म्हणून गेली, तेव्हा तोच किल्ला उलट बाजूने आंदणात आला. नळदुर्ग आदिलशाहीने दगडी तटाने मजबूत केला, परंडा निजामशाहीचा राहिला, आणि मधल्या गावांतल्या कडब्याच्या गंजी आणि धान्याची पेवे दोन्हीकडच्या फौजांच्या वाटेवर आली.

१६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा निजामशाहीची गादी परंड्याला आली. ती तिथे आणून कारभार हाती घेणारा मलिक अंबर हाही समुद्रापलीकडचाच, बाजारात विकला गेलेला हबशी. त्यानेही जमिनीची मोजणी केली, सारा बांधून दिला, मोगलांना वर्षानुवर्षे थोपवले. मात्र फौज त्याने स्वतःच्या हुकमात ठेवली. ज्या मुर्तजाला त्याने गादीवर बसवले आणि आपली मुलगी दिली, तो डोईजड झाल्यावर १६१० मध्ये विषप्रयोगाने दूर झाला, आणि त्यामागे अंबरच होता असे सांगितले जाते. अंबर १६२६ मध्ये मरण पावला, सत्तेवर असतानाच.